सरांच्या तोंडी मी घातलेलं वाक्य

बातमी मला ई-मेलने कळली. इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या ऑफिसात बसून मी एका सॉफ्टवेअर रिलीजचं टेस्टिंग उरकत होते आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेल येऊन पडली... बिवलकर सर गेले. दुसरा स्ट्रोक, झोपेतच. खाली श्रद्धांजलीच्या चार ओळी होत्या आणि त्यातली शेवटची अशी, ‘आजारावर जिद्दीने मात करून सर अखेरपर्यंत उत्तम बोलत होते.’ मी ती ओळ पुन्हा वाचली. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला संताप आला. अहो, कोण उत्तम बोलत होतं? शेवटची तीन वर्षं त्या माणसाला ‘मला पाणी दे’ एवढं म्हणायला घाम फुटायचा. हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या रीडिंग गावातल्या पन्नास मराठी घरांपैकी एकालाही माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्याला माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची एवढी घाई असते की तो काय सोसून गेला हेही आपण पुसून टाकतो. त्याला आज पाच आठवडे झाले. पुण्याहून पेपरच्या पुरवणीसाठी सरांवर लिहाल का, असं विचारणं आलं तेव्हा आधी मी नाही म्हणाले. मग वाटलं, नाही लिहिलं तर ती मेलमधली ओळच शिल्लक राहील. म्हणून हे लिहिते आहे. हे गोड होणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

बिवलकर सर मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि रीडिंगच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं गणित शिकवलं. इंग्रज पोरं वर्गात त्यांच्या उच्चारांची नक्कल करायची आणि पंधरा वर्षांनी सुपरमार्केटमध्ये भेटली की ट्रॉली सोडून हात मिळवायला यायची. सर रिटायर झाले त्याच सुमारास आमच्यासारखी आयटीवाली कुटुंबं पुण्या-मुंबईहून वर्क परमिटवर इथे यायला लागली होती. आमची मुलं घरात ‘आई, माझा शूज कुठे आहे’ असलं मराठी बोलायची. सरांनी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन रविवारी सकाळी मराठीचा वर्ग काढला. माझी मुलगी त्या वर्गात जायची, तीच आमची ओळख. वाचन, थोडं लेखन आणि शेवटची वीस मिनिटं पाढे, पार तिसापर्यंत. नुसते घोकून नाही हं. एकोणतीसचा पाढा रंगात आला की मधेच हात वर करायचे आणि एखाद्या पोराला विचारायचे, ‘थांब. सत्त्याऐंशीच का? अठ्ठ्याऐंशी झाले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?’ पोरगं विचारात पडायचं आणि सर वाट बघत उभे राहायचे. आम्ही आया मागच्या खुर्च्यांवर बसून चुळबुळ करायचो, कुणीतरी उत्तर पुटपुटायची, की सर तिच्यावर डोळे वटारायचे. ‘तुमी कायले बोलून राह्यल्या, वहिनी? तुमाले विचारलं का मी?’ चाळीस वर्षं इंग्लंडात राहून त्यांचं नागपूर तसूभरही हललं नव्हतं, आणि पुणेरी मराठीवाल्यांसमोर ते मुद्दाम जास्तच काढायचे.

बोलणं हा त्या माणसाचा श्वास होता. वाद घालायला विषय लागायचा नाही. नागपुरी वडाभातावर तेल गरम घालावं की गार, यावर त्यांनी माझ्या नवऱ्याशी एकदा जेवणाची ताटं वाळेपर्यंत भांडण केलं होतं. शालूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कंटाळून म्हणायच्या, ‘अहो, पुरे करा आता, पाहुणे आहेत ते.’ त्यावर सर म्हणायचे, ‘म्हणूनच तर. घरच्यांशी कोण एवढं डोकं लावते?’

स्ट्रोक आला तो रविवारीच, वर्ग सुटल्यावर. आम्ही खुर्च्या एकावर एक रचत होतो आणि सर खिडकीजवळ नुसतेच उभे होते. मी काहीतरी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला, शब्द आले नाहीत. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली, हॉस्पिटलनेही हयगय केली नाही, ते मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांचा जीव वाचला. काही महिन्यांनी उजवा पायही बराच सुधारला, हाताची बोटं वळायला लागली. गेली ती भाषा. सगळं ऐकू यायचं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पूर्ण कळायचं, विनोदाला बरोबर हसायचे, बातम्यांवर बरोबर चिडायचे. पण मनात आलेलं शब्दांत मांडायला गेले की वाट बंद. वाचाघात, डॉक्टर अफेझिया म्हणाले. बुद्धी शाबूत आणि तोंडाला कुलूप. बोलघेवड्या माणसाला याहून वाईट शिक्षा मला तरी सुचत नाही.

आणि मग तो पाढा निघाला. हॉस्पिटलातच, तिसऱ्या आठवड्यात. फिजिओथेरपिस्ट त्यांना चालवत होती आणि पावलं मोजत होती, वन, टू, थ्री... आणि सरांच्या तोंडातून एकदम सुरू झालं, ‘एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...’ खणखणीत, एका दमात, दहापर्यंत. शालूताई रडल्या. मग त्यांनी मला फोन केला, ‘माधुरी, हे बोलले गं!’ संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या थेम्स व्हॅलीतल्या मराठी घरांत पोचली होती.

स्पीच थेरपिस्ट हेलन, विशीतली इंग्रज मुलगी, तिने दुसऱ्याच दिवशी शालूताईंना आणि मला बसवून नीट समजावून सांगितलं. पाढे, प्रार्थना, वारांची नावं, गाणी हे सगळं इतकं पक्कं मुरलेलं असतं की ते आपलं आपण वाहत बाहेर येतं. ते बोलणं नव्हे. बोलणं म्हणजे आत्ता मनात आलेली गोष्ट नव्याने मांडणं, आणि ते त्यांना नव्याने शिकावं लागेल. वेळ लागेल, पण जमेल. ‘आणि हे नीट लक्षात ठेवा,’ ती म्हणाली, ‘ते काही बोलायला लागले की मधे शब्द देऊ नका. थांबा.’ मी मान डोलावली. शालूताईंना इंग्रजी कळायचं पण बोलताना अडायचं, माझं चांगलं, त्यामुळे तिथून पुढे मीच दुभाषी झाले. हे काम मला मिळालं याचा मला चक्क अभिमान वाटला होता.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. डबे आले, फळं आली, आणि प्रत्येक जण शालूताईंना विचारायचा, ‘आता कसे आहेत? जेवतात का? झोप लागते का?’ ज्याच्याबद्दल विचारणं चाललंय तो माणूस समोर खुर्चीत बसून एकाकडून दुसऱ्याकडे बघतोय! त्याला विचारा ना. दोन मिनिटं लागतील त्याला, लागू देत. तुमची कुठली फ्लाइट चुकते आहे? पण नाही. आणि निघताना हमखास फर्माईश, ‘सर, एकदा एकोणतीसचा पाढा होऊन जाऊ दे!’ सर बिचारे म्हणायचे. मग टाळ्या, आणि दारात चपला घालताना कुजबुज, ‘बोलता येतंय की व्यवस्थित. मनावर घेत नाहीत इतकंच.’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. एका सुशिक्षित बाईंनी तर शालूताईंना सुचवलं की सरांचा मूळचा अहंकार आहे ना, तो आड येतोय, लहान वाक्यं बोलायची लाज वाटते त्यांना. शालूताईंनी ते मला सांगितलं तेव्हा मी त्या बाईंना फोन करून जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

सर मिटत गेले. दाढी करेनात. पेपर वाचायला जमत होता, तरी उघडेनात. बागेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. आमच्या मंडळींनी सल्ले दिले, मन रमवा, पॉझिटिव्ह राहा, प्राणायाम करा. आणि व्यवस्थेचं म्हणाल तर तिच्याकडे पायासाठी माणूस होता, हातासाठी माणूस होता, जिन्याला कठडा बसवून द्यायला कौन्सिलचा माणूस आला, बाथरूममध्ये दांडी बसली. सर जिन्याच्या किती पायऱ्या चढतात याची नोंद झाली. जो माणूस खोलीत शिरला की बोलणी थांबून सगळे त्याच्याकडे वळायचे, त्याच्याकडे आता कुणी वळत नाही, याचं त्याला काय होत असेल, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. मी हेलनला विचारलं, मनाचं कोण बघतं? ती ओशाळून म्हणाली, त्यासाठी इथे कुणी नाही, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जा. जीपीने गोळ्या लिहून दिल्या. मिटला प्रश्न! शरीर या खात्याकडे, भाषा त्या खात्याकडे आणि मन गोळीच्या पाकिटात. तिकडे पुण्यात बसून तुम्हाला वाटत असेल की विलायतेत सगळं कसं शिस्तीत होत असेल. शिस्तीत होतंच हो. कपाळमोक्षसुद्धा इथे अपॉइंटमेंट घेऊन होतो.

त्यातल्या त्यात एकटी हेलन खरी होती. आठवड्यातून एकदा यायची, मी ऑफिसातून अर्धा दिवस काढून जायचे. ती चित्रं मांडायची, प्रश्न विचारायची आणि मग हात मांडीवर ठेवून थांबायची. शांत. इतकी शांत की मलाच असह्य व्हायचं. तिने सरांपुढे एकच ध्येय ठेवलं होतं, रोज एक वाक्य, स्वतःचं, कितीही छोटं. चार महिने काही नाही. नुसते तुटके शब्द, चुकीचे शब्द, मग टेबलावर मूठ आपटणं. आणि एका बुधवारी, मी, हेलन आणि शालूताई तिघी समोर असताना, जेवणाच्या ताटाकडे बोट करून सर म्हणाले, ‘शालू... मीठ... कमी... आहे.’ घड्याळ लावलं असतं तर मिनिटभर गेलं असेल. शालूताईंच्या डोळ्यांतून धारा! चाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकाला नाव ठेवल्याचा इतका आनंद कुठल्या बाईला झाला नसेल. मी भाषांतर केलं तेव्हा हेलन हसत सुटली आणि सरही हसले, पहिल्यासारखे, खांदे हलवून. पुढच्या दोन महिन्यांत तशी पाच-सहा वाक्यं झाली. सरांनी दाढी करायला सुरुवात केली. एका रविवारी शालूताईंना चर्चच्या हॉलपर्यंत घेऊन गेले आणि बंद दरवाज्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘मी... येईन.’ वर्गाला परत यायचं होतं त्यांना. एवढंच हवं होतं त्या माणसाला, पोरांसमोर उभं राहायचं आणि आपल्या शब्दांत विचारायचं, सत्त्याऐंशीच का.

मग रिव्ह्यू आला. पत्रात लिहिलं होतं की थेरपी पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवायला सिनियर थेरपिस्ट बाई घरी येतील. हेलन त्या दिवशी दुसरीकडे असणार होती, पण तिने आदल्या आठवड्यात मला बजावलं होतं, ‘जसं आहे तसं दिसू दे.’ आता ऐका आम्ही काय केलं ते. आपल्याकडे कुणी तपासायला येणार म्हटलं की ती परीक्षा असते, आणि परीक्षा म्हटली की तयारी आली. शालूताईंनी शर्टाला कडक इस्त्री केली, टाय बांधला, दिवाणखान्यातलं औषधांचं टेबल आत नेऊन ठेवलं. मी रजा टाकून सकाळपासून हजर. सरांकडून ‘गुड मॉर्निंग, हाउ आर यू’ घोटून घेतलं. म्हटलं, ‘सर, बाईंसमोर छान इम्प्रेशन पडलं पाहिजे हं.’ पोटासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट कुठे अडते, कुठे तुटते, ते शोधून उघड करायचं याचाच मला पगार मिळतो. त्या दिवशी मात्र मी जे तुटलं होतं ते झाकायला कंबर कसून उभी होते.

बाई आल्या, भल्या होत्या, घाईत होत्या. सर ‘गुड मॉर्निंग, हाउ आर यू’ म्हणाले, अगदी ठणठणीत. बाई खूश. मग त्यांनी विचारलं, काल तुम्ही काय केलंत, तुमच्या भाषेत सांगा, माधुरी मला सांगेल. सरांनी तोंड उघडलं. मी बघत होते, ते शोधत होते, ओठ हलत होते. ‘काल... काल...’ बाईंनी पेन वर केलं. शालूताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. सरांच्या कपाळावर घाम आला आणि त्या घामातून, त्यांना नको असताना, तोच बाहेर पडला, ‘एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...’ चांगला पाचापर्यंत गेला आणि थांबला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘काय म्हणाले ते?’

मला त्यांची लाज राखायची होती. एवढ्या मोठ्या माणसाने, गणिताच्या शिक्षकाने, काल काय केलं विचारल्यावर पाढा म्हणावा आणि ते मी एका परक्या बाईला सांगावं? माझ्याने होईना. मी म्हणाले, ‘ते म्हणतायत, काल सकाळी आम्ही पार्कात फिरायला गेलो, बदकांना ब्रेड घातला, मग मुलीचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला, तिच्याशी गप्पा झाल्या.’ सफाईने, एक क्षणही न अडखळता. बाई कौतुकाने हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. मी सरांकडे बघितलं. इंग्रजी त्यांना माझ्याहून चांगलं कळायचं. मी काय बोलले त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळला होता. ते मान हलवायला लागले, नाही, नाही, डावा हात वर केला, तोंड उघडलं... आणि मी त्या हातावर माझा हात ठेवला आणि म्हणाले, ‘झालं सर, छान झालं.’ बाईंना वाटलं असेल, किती प्रेमळ माणसं ही.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मातृभाषेत अस्खलित संवाद साधतात, उद्दिष्टं पूर्ण झाली आहेत, सबब डिस्चार्ज. हे कळल्यावर आमच्या लोकांनी काय करावं? पेढे! डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला, नाही का! फोनवर फोन, अभिनंदन, अभिनंदन. शालूताईसुद्धा पहिला दिवसभर खुशीत होत्या. सरांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. पेढा घेतला नाही. पुढच्या बुधवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ते हेलनची वाट बघत खिडकीशी बसले होते, कारण पत्र आलं तरी ती येईल असं त्यांना वाटत होतं. ती येणं शक्यच नव्हतं. तिच्या यादीतून त्यांचं नाव काढलं गेलं होतं.

मी फोन केला त्या ऑफिसला, नाही असं नाही. म्हणाले, नव्याने रेफरल, म्हणजे जीपीची चिठ्ठी, घ्या, नाव वेटिंग लिस्टवर जाईल, साधारण सात-आठ महिने. मी आवाज चढवला. एक नाही, चार वेळा भांडले. साठीतल्या माणसाला तुम्ही अर्ध्या वाटेत कसं सोडता, आठवड्यातला एक तास तुम्हाला जड झाला का, एका भेटीवर एवढा निर्णय घेता, तुमच्याकडे साधा स्वतःचा दुभाषी नसावा, घरच्या माणसांवर हे काम ढकलता! सगळं खरं होतं, आजही खरं आहे, आणि त्याबद्दल माझा राग तसूभर कमी झालेला नाही. पण एक वाक्य मी त्या चारही फोनवर बोलले नाही. ‘मी खोटं सांगितलं’ हे ते वाक्य. ‘थोडा गैरसमज झाला असावा’, इथपर्यंत माझी मजल गेली. तेवढं एक वाक्य बोलले असते तर कदाचित त्यांनी पुन्हा माणूस पाठवला असता. मला तर वाचाघात झाला नव्हता ना!

वेटिंग लिस्टवरून नाव वर आलं तोवर हेलन मँचेस्टरला बदलून गेली होती. नवीन मुलगी आली, सहा वेळा आली. सर तिच्यासमोर नुसते बसायचे. त्यांनी प्रयत्न करणं सोडून दिलं होतं. त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाने त्यांना स्टेजवर बोलावलं. पुन्हा पाढा, पुन्हा टाळ्या, सेक्रेटरी माइकवर म्हणतात, ‘बघा, याला म्हणतात जिद्द! सर, आता दोन शब्द बोला.’ सरांनी माइक हातात घेतला. अख्खा हॉल समोर, पुढच्या रांगेत त्यांच्याच वर्गातली पोरं. त्यांनी श्वास घेतला, ओठ हलले. तीन सेकंद... फार तर चार. सेक्रेटरींनी हसत हसत माइक काढून घेतला आणि म्हणाले, ‘सर भावुक झालेत.’ मी तिसऱ्या रांगेत होते. उठून ओरडायला हवं होतं मी, अरे थांबा ना, त्यांना बोलायचंय. नाही ओरडले.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. कुणीतरी त्या गणपतीतलं रेकॉर्डिंग आणलं होतं. अंधार करून पडद्यावर सर दाखवले, पाढा म्हणताना. लोकांनी डोळे पुसले आणि पाढा संपल्यावर, मेलेल्या माणसाच्या सभेत, टाळ्या वाजवल्या. मला बोलायला उठवलं तेव्हा मी सांगितलं, तुम्ही ज्याला टाळ्या वाजवता ते त्यांचं बोलणं नव्हतंच, ते त्यांच्या आजाराचं लक्षण होतं, आणि त्यांना खरं काय म्हणायचं होतं ते ऐकायला आपल्यातल्या एकालाही वेळ नव्हता. सभेत चुळबुळ झाली. बाहेर आल्यावर माझा नवरा म्हणाला, ‘जरा जास्तच बोललीस.’ कमीच बोलले मी. रिव्ह्यूच्या दिवशी काय घडलं ते तिथेही सांगितलं नाही. शालूताईंना ते पहिल्यापासून ठाऊक आहे, त्या तिथेच होत्या. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोलत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात लहान टेबलाशी बसले, भिंतीकडची सरांची खुर्ची रिकामी. तिथे बसले की मला आमची शेवटची भेट आठवते, सर जायच्या आधी दहा-बारा दिवसांची. शालूताई वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सर आणि मी दोघंच. सरांनी माझं मनगट धरलं, डाव्या हाताने, घट्ट. माझ्याकडे बघून तोंड उघडलं. कितीतरी महिन्यांनी ते काहीतरी शोधत होते, हेलन समोर असताना शोधायचे तसे. मी थांबले. खरंच थांबले. ‘माधुरी...’ मग खूप वेळ काही नाही. ‘त्या... दिवशी...’ कुठला दिवस ते सांगायची गरजच नव्हती. ‘त्या दिवशी... तू...’ ते रागावणार होते का, माफ करणार होते, की दुसरंच काही विचारणार होते, देव जाणे. अजून एक मिनिट लागलं असतं, दोन लागली असती. सगळा दिवस होता माझ्याकडे.

मी मनगट सोडवून घेतलं, उठले आणि किटलीत पाणी भरलं. ‘चहा हवाय ना, सर? करते हं.’ ते माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, ‘हो.’ मी चहा केला, समोर ठेवला, आणि त्यांनी तो घोट घोट करून सगळा संपवला. शालूताई खाली आल्या, म्हणाल्या, ‘अगं, आत्ताच तर झाला त्यांचा चहा.’

‘सरांना पुन्हा हवा होता,’ मी म्हणाले. ‘त्यांनी सांगितलं मला.’